२४०डीचं पंप टायमिंग: आधी चेन बघा
मर्सिडीज २४०डी या डिझेल गाडीच्या इंजेक्शन पंपाच्या (सिलिंडरना डिझेल पुरवणारा पंप) टायमिंगच्या खुणा जुळवूनही सकाळी पांढरा धूर येतो म्हणताय, तर पंपाला हात लावण्याआधी टायमिंग चेन (कॅम आणि पंप फिरवणारी साखळी) तपासा. ती ताणली की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि पंप दोन्ही मागे पडतात.

मग पंप नेमका कधी डिझेल देऊ लागतो हे थेंबांवरून मोजा. पंपावरच्या पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची (डिझेल बाहेर सोडणारी झडप) स्प्रिंग आणि आतला व्हॉल्व्ह काढून वर वाकडी नळी बसवा, पंपाचा लिव्हर फुल लोडला (पूर्ण ॲक्सिलरेटरच्या जागी) बांधा, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) सावकाश फिरवा. धार तुटून सेकंदाला साधारण एक थेंब पडू लागला की क्रँकच्या खुणांवर कॉम्प्रेशन स्ट्रोकला टीडीसीआधी (पिस्टन सर्वात वर पोचण्याआधी) २४ अंश दिसायला हवेत. खूण ओलांडली तर उलटं अजिबात फिरवू नका, चेनचा ढिलेपणा आकड्यात शिरतो. दोन फेऱ्या पुढे मारून परत या. कानाने टायमिंग लावणारे उस्ताद भेटतील, पण डिझेलच्या ठकठकीत दोन अंश ऐकू येतात यावर माझा विश्वास नाही.