'फुजियू' माणसाला मराठीत काय म्हणायचं?

शाईदौत: हाजिमे इसायामांच्या 'अटॅक ऑन टायटन' या जपानी चित्रकथेचा ११२वा अध्याय मराठीत आणायचाय. नायक एरेन टेबलापाशी मिकासा आणि आर्मिन या मित्रांना ऐकवतो की त्याला जगात सर्वांत जास्त तिटकारा आहे तो 'फुजियूना यात्सु'चा (जियू म्हणजे स्वातंत्र्य, ते नसलेला माणूस), नाहीतर मग 'काचिकु'चा, म्हणजे पाळीव जनावरांचा. पुढे मिकासाला 'दोरेई' म्हणतो. दोरेई म्हणजे गुलाम, यात वाद नाही. पण पहिल्याच शब्दाला 'गुलाम' लिहिलं, तर शेवटच्या घावासाठी काही उरत नाही. 'परतंत्र' म्हटलं की डोळ्यांपुढे देश येतो, माणूस नाही. सुचवा.

कानामात्रा: पराधीन. 'स्वतंत्रः कर्ता' असं पाणिनी सांगतो. स्वतःच्या तंत्रानं करतो तोच कर्ता. जो तसा नाही तो पराधीन.

रानवाट: कानामात्रा, लगेच पुढचं सूत्र पाहा: 'तत्प्रयोजको हेतुश्च'. करवून घेणारा हेतू ठरतो, पण ज्याच्याकडून करवून घेतलं त्याचं कर्तेपण जात नाही. म्हणजे व्याकरणात हुकमाचा ताबेदारही कर्ताच. एरेनच्या टोमण्याला हे सूत्र लागू पडत नाही. शिवाय 'फुजियू' रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. डोळ्यांनी फुजियू म्हणजे दृष्टिहीन, पैशानं फुजियू म्हणजे चणचणीतला. 'अडला हरी'मधला 'अडलेला' त्याच्या सर्वांत जवळ जातो. किंवा 'मिंधा'.

कानामात्रा: मिंधा हा उपकाराखाली दबलेला असतो. मिकासाच्या बाबतीत ते शोभेल (एरेननंच तिला वाचवलं होतं), पण इथे तो सगळ्या जगाबद्दल बोलतोय.

उभीओळ: संवादाच्या फुग्याचाही विचार करा. जपानी मजकूर उभा, म्हणून फुगा उंच आणि अरुंद. आपली ओळ आडवी. 'दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणारे' हा अर्थानं नेमका आहे, पण चार ओळी खातो. अक्षर बारीक केलं की छपाईत आधी अनुस्वार आणि रफार जातात. 'स्वातंत्र्य'सुद्धा तोडायचं तर 'स्वा' किंवा 'तं'नंतरच. 'त्र्य' फोडता येत नाही. 'पराधीन' एका ओळीत बसतो.

शाईदौत: जोडीही सांभाळायला हवी. १३३व्या अध्यायात एरेन मित्रांना सांगतो की मी जगाचं 'जियू' हिरावून घेईन, तुमचं नाही. तुम्हाला मला अडवण्याचं जियू आहे, मला पुढे जात राहण्याचं. ११२ मध्ये 'मिंधा' आणि इथे 'स्वातंत्र्य' लिहिलं, तर जियू-फुजियूचा धागा तुटतो.

रानवाट: आणि तोच धागा महत्त्वाचा आहे. एरेनचा सावत्र भाऊ झीक न जन्मलेल्या पोरांच्या वतीनं ठरवतो की त्यांनी जन्मूच नये. एरेन यमिरला (पहिली टायटन झालेली गुलाम मुलगी) सांगतो, तू गुलाम नाहीस, देवही नाहीस, तूच ठरव. इथवर तो दुसऱ्याचं स्वातंत्र्य मानतो. पण शेवटी त्याच्या हल्ल्यात जगातली ८० टक्के माणसं तुडवली जाऊन मरतात, त्यांना कोणी विचारलं? १३१व्या अध्यायात ढगांवर तो लहान मुलासारखा 'जियू दा' ('जियू आहे!') म्हणतो, तिथे 'स्वातंत्र्य' लिहिणं मला चूक वाटतं. 'मोकळा!' लिहा. पाश्चात्त्य कल्पनेसाठी 'जियू' हा शब्द रुळण्याआधी त्याला मनमानीची छटा होती. जपानी विचारवंत फुकुझावा युकिचींना पाश्चात्त्य जगाची ओळख करून देणाऱ्या 'सेइयो जिजो' या पुस्तकात खुलासा करावा लागला की जियू म्हणजे स्वैरपणा नव्हे. नाकामुरा मासानाओंनी १८७२ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलच्या ग्रंथाच्या अनुवादाला 'जियू नो री' नाव दिलं, तेव्हा शब्द स्थिरावू लागला. एरेनच्या तोंडी दोन्ही छटा आहेत.

कानामात्रा: मग 'स्वैर' म्हणा. 'मोकळा' प्राकृत 'मुक्कल'वरून, मुळात 'मुक्त'च. त्यात दोष देणारी छटा नाही.

रानवाट: म्हणूनच तो हवा. त्या चौकटीत तो मूल आहे. त्याला आपण काय तुडवतोय ते दिसत नाही. दोष वाचकाला दिसू द्या.

उभीओळ: 'वन पीस' या दुसऱ्या जपानी चित्रकथेच्या ५०७व्या अध्यायात नायक लुफी रेली या जुन्या चाच्याला म्हणतो की त्याला समुद्रावर 'शिहाई' म्हणजे सत्ता नको, जो सर्वांत जियू तोच चाच्यांचा राजा. तिथे 'मोकळा' चपखल बसतो. त्यातला खलनायक डोफ्लामिंगो माणसांना दोऱ्यांनी नाचवतो, तो याच्या अगदी उलट. 'मोकळा'ची तीच छटा एरेनला दिली, तर लुफी आणि एरेन यांच्यातला फरक पुसला जाईल.

शाईदौत: 'काचिकु' राहिलाच. 'गुरं' लिहू?

कानामात्रा: काचिकुत डुकरं-कोंबड्याही येतात. 'गुरं' म्हटलं की गाई-म्हशी-बैल. 'दावणीची जनावरं'?

उभीओळ: दावणीला कोंबडी बांधतात का? 'पोसलेली जनावरं' घ्या, कशासाठी पोसलीत ते वाचकाला कळतं.

कानामात्रा: 'पोसलेली'त माया येते. एरेनच्या वाक्यात ती नाही.