दोनदा पोट पडलं, आता तपासणी करायची की तिसऱ्याची वाट बघायची?

सरोज, परभणी: माझ्या नणंदेचं दुसऱ्यांदा पडलं, आठव्या आठवड्यात. सोनोग्राफीच्या मॅडमनी पडदा स्वतःकडं वळवून घेतला तेव्हाच आम्हाला कळलं, ठोके नाहीत. पिशवी साफ केली अन् डॉक्टर म्हणाले, "तीनदा झाल्याशिवाय तपासण्या करत नसतात." निघालेला गर्भाचा तुकडासुद्धा तपासायला पाठवला नाही. घरात सासूबाईंचं एकच, पपई खाल्ली असंल. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेनं 2017 सालीच 'वारंवार गर्भपात' म्हणजे दोन, असं धरलंय. मग आमच्या पोरीनं तिसऱ्यांदा का सोसायचं? दोनदा झालं की नवराबायको दोघांचीही तपासणी व्हावी, अन् जिल्हा रुग्णालयात फुकट व्हावी, असं माझं मत आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड: सरोजताई, पपईनं काही झालेलं नाही, हे आधी सासूबाईंना सांगा. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. त्यात आईची काही चूक नसते. पण सरसकट तपासण्यांना माझा विरोध आहे. सगळं तपासूनही निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. सापडत नाही म्हटलं की मग 'रोगप्रतिकारशक्ती'च्या नावावर महागडी सलाईनं सुरू होतात, ज्यांच्या उपयोगाला भक्कम पुरावा नाही. शेत गहाण टाकून आलेली माणसं मी बघितली आहेत. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचंच घ्या. कारण न सापडलेल्या 836 बायकांवरच्या प्रॉमिस चाचणीत (2015) औषध घेतलेल्या सुमारे 66 टक्के बायकांना मूल झालं, औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्या 63 टक्के. म्हणजे फरक नाहीच.

मुग्धा, लातूर: डॉक्टर, तुम्ही 2015 वरच थांबलात. 2019 च्या प्रिझम या प्रोजेस्टेरॉनच्याच चाचणीत गरोदरपणात सुरुवातीलाच रक्त जाणाऱ्या 4153 बायका होत्या. एकूण फरक किरकोळ होता, औषधावर 75 टक्क्यांना मूल झालं अन् नुसत्या गोळीवर 72. पण आधी तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत 72 विरुद्ध 57! म्हणून तर ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2021 मध्ये, आधी गर्भपात झालेला असेल अन् आता रक्त जात असेल तर हे औषध द्या, असं सांगितलं. आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊन पोट पडण्याचा आजार? त्यावर रक्त पातळ ठेवणारं अ‍ॅस्पिरिन अन् हेपारिनचं इंजेक्शन आहे. रक्तच तपासलं नाही तर ते कुणाला द्यायचं, हे कसं कळणार?

स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड: ती तपासणी, थायरॉइड अन् पिशवीत पडदा आहे का ते बघणं, हे दोनदा झाल्यावर करावंच, तिसऱ्याची वाट बघू नये. इथं सरोजताईंचं बरोबर आहे. माझं भांडण त्यापुढच्या यादीशी आहे.

ऊसतोडीवाली, वडवणी: तुमचं हेपारिन राहू द्या. माझ्या जावेला तिसरा महिना होता. पहाटे चारला डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. रक्त जायला लागलं तर तिनं लुगड्याची घडी बांधली अन् गाडी भरून दिली. खाडा केला की पैसे कापतात, मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. बाळंतपणाच्या 1961 च्या कायद्यापासून गर्भपात झाल्यावर सहा आठवडे पगारी रजा आहे म्हणं. आम्हाला कुणी दिली? बीडमध्ये 2019 ला सरकारी समितीनं 82 हजारांवर बाया तपासल्या, तेरा हजारांवर जणींची पिशवीच काढलेली निघाली. पडलेल्या पोटांची वही कुठंय?

स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड: ताई, ओझ्यामुळंच पडलं, असं एका बाईच्या बाबतीत ठरवता येत नाही.

ऊसतोडीवाली, वडवणी: ठरवायला फडात या की. आम्ही मार्चपर्यंत तिथंच हावोत.

एक नवरा, जालना: सरोजताईंचं 'दोघांची' हे कुणी उचललंच नाही. आम्हाला चार वर्षं मूल नव्हतं. बायकोच्या नळ्या तपासल्या, दुर्बीण झाली, नवस झाले. माझं वीर्य चौथ्या वर्षी तपासलं अन् दोष तिथं निघाला. काही शे रुपयांची तपासणी होती. ती चार वर्षं तिनं माझ्या आईचे टोमणे ऐकले. शुक्राणूंतल्या डीएनएची मोडतोड अन् वारंवार गर्भपात यांचा संबंधही संशोधनात दिसलाय. जावयांनाही न्या.

स्त्रीरोगतज्ज्ञ, नांदेड: सरोजताई, अँटिफॉस्फोलिपिडचं रक्त लगेच देऊ नका. गर्भपातानंतर सहा आठवडे जाऊ द्या. जास्त आलं तर 12 आठवड्यांनी पुन्हा तपासतात, एकदाच्या रिपोर्टवर इंजेक्शन घेऊ नका.

सरोज, परभणी: म्हणजे संक्रांत उलटल्यावर. जावयांना आत्ताच फोन केला. आधी गप्प बसले, मग म्हणाले, "येतो."