लघुप्रकल्पाचे पन्नास हजार बंद करा म्हणणाऱ्यांना

माणदेशी

परवा विद्यापीठाच्या विभागात शिकवणाऱ्या एका सरांनी लिहिलं की, विद्यापीठाने महाविद्यालयीन प्राध्यापकांना संशोधनासाठी पन्नास-पन्नास हजारांचे लघुप्रकल्प वाटणं बंद करावं. त्यातून स्पायरल बाइंडिंगच्या अहवालापलीकडे काही निघत नाही. तोच पैसा एकत्र करून पाच-सहा चांगल्या विभागांना द्यावा. दोन दिवस गप्प बसलो. आज बसवत नाही.

मी माणदेशातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आठवड्याला १६ तास, शिवाय परीक्षा, प्रवेश, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) लघुप्रकल्पांचं दार बंद झालं, तेव्हापासून आमच्यासारख्यांना संशोधनासाठी दारात येणारा पैसा हा एवढाच. मी त्यातून २२ विहिरींची पाणीपातळी दर पंधरा दिवसांनी मोजली, सलग दोन वर्षं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. ते काम मोलाचंच आहे. पण चार नोंदींच्या मधल्या दिवसांत काय होतं, कुठल्या आठवड्यात उपसा वाढला की शेजारच्या विहिरीचं पाणी किती खाली जातं, हे त्यात दिसत नाही. माझ्या वहीत दिसतं. दोन गावांनी ती वही ग्रामसभेत मागवून घेतली.

आता त्या पन्नास हजारांचं काय झालं ते ऐका. अर्ज जुलैत. मंजुरीचं पत्र जानेवारीत. पहिला हप्ता ३०,००० फेब्रुवारीच्या शेवटी, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्या. पाऊस कुणाच्या आर्थिक वर्षाप्रमाणे पडतो का? मी खिशातून खर्च करत राहिलो. एसटीची तिकिटं ए-फोर कागदावर चिकटवून, खाली गाव आणि तारीख लिहून, फाईल तयार केली. लेखापरीक्षणाला फाईल उघडली तेव्हा तिकिटांवरची शाई उडून गेली होती. नुसते पांढरे कपटे. "यावर रक्कम दिसत नाही," असा शेरा मारून ७,४०० रुपये नामंजूर. सनदी लेखापालाच्या सहीचे दोन हजार वेगळे गेले.

एवढं करून जो माणूस विहिरी मोजतो, त्याला तुम्ही सांगता की तुमचा अहवाल कपाटात जातो? कपाटात जात असेल तर कपाटाची किल्ली विद्यापीठाकडे आहे.

आम्लराज

ते लिहिणारा मीच, आणि एक शब्दही मागे घेत नाही. तुमच्यासारखे वहीवाले किती आहेत ते प्रामाणिकपणे सांगा. मी चार वर्षं छाननी समितीवर होतो. एकाच जिल्ह्यातल्या 'बचत गटांचा अभ्यास' तालुक्याचं नाव बदलून आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दहा लाखांखालचा प्रकल्प पूर्ण केला की शिक्षकाला ५ गुण, चालू असेल तर २. बहुतेक अर्ज त्या गुणांसाठी येतात.

आमच्याकडचं चित्र सांगतो. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले रासायनिक घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, त्याच्या एका कॉलमला (घटक वेगळे करणाऱ्या नळीला) चाळीस-पन्नास हजार जातात. १८ जुलै २०२२ पासून शास्त्रीय उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत गेली आणि थेट १८ टक्के लागला. विभागातलं एक यंत्र देखभालीच्या करारासाठी पैसे नाहीत म्हणून वर्षभर प्लास्टिकच्या कव्हराखाली आहे. त्यावर पीएचडी करणाऱ्या मुली नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जातात. शंभर जणांना पन्नास हजार वाटले की पन्नास लाख होतात. त्यात हे यंत्र चालू होतं आणि महाविद्यालयांतल्या लोकांनाही वापरता येतं. हा हिशेब कुणाला बोचत असेल तर बोचू दे.

मोठं काम करायचं असेल तर एएनआरएफकडे, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे जा. २०२३ चा कायदा आहे, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं लक्ष्य आहे.

खतावणी

मी एका विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागातून निवृत्त झालो. दोघंही लेखा विभागाला खलनायक करणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो.

तिकिटांची शाई उडते हे आम्हालाही माहीत होतं. मी प्रत्येक कार्यशाळेत सांगायचो: थर्मल कागद मिळाला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही लावा. ऐकायला किती जण यायचे? संशोधक स्वतः येत नाहीत, शिपायाला पाठवतात. आणि तीन कोटेशनं आम्ही छळायला मागत नाही. तिन्ही कोटेशनं एकाच हस्ताक्षरात आलेली मी पाहिली आहेत. एका प्रकरणात तिन्हीवर स्पेलिंगची चूकसुद्धा एकच होती. पैसा जनतेचा आहे.

मात्र केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत मुळातच २५,००० पर्यंतची खरेदी कोटेशनाशिवाय, खरेदी करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर करता येत होती. आपल्याकडे पाचशे रुपयांच्या टेपसाठीही तीन कागद मागणारे महाभाग आहेत, हे मला मान्य करावं लागतं.

ओवीकार

एचपीएलसी, विहिरी, सगळं ठीक. मराठीवाल्यांचं काय? मी जात्यावरच्या ओव्या गोळा करते. अर्जात 'उपकरणे' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. रेकॉर्डर लिहिला तर समितीत विचारलं, "मोबाइल आहे ना?" ज्या आजी गातात त्यांना चहापाणी, साडीचोळी करावी लागते. रिकाम्या हाताने कुणाच्या उंबऱ्यावर बसून चार तास गाऊन घ्यायचं ही आपली रीत नाही. त्या खर्चाला रकानाच नाही. पूर्वी विद्यापीठात बीसीयूडी (महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ) होतं तेव्हा निदान जाऊन भांडायला एक दार होतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कुणाकडे जायचं हे कळायलाच एक वर्ष गेलं.

माणदेशी

@आम्लराज, तुमच्या यंत्राचं दुःख खरं आहे. पण ते माझ्या ताटातून का काढायचं? एएनआरएफच्या अर्जात आधीचं काम विचारतात. ते आधीचं काम याच पन्नास हजारांत उभं राहतं. पहिली पायरी काढून घ्यायची आणि वर दुसरीवर उडी मारा म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि तालुक्याचं नाव बदललेले अर्ज तुमच्याच समितीने मंजूर केले ना?

आम्लराज

मी विरोधाचा शेरा लिहिला होता. बहुमताने मंजूर झाले. माझ्या प्रामाणिकपणावर बोट ठेवू नका.

तासिकेवरची

इतका वेळ वाचतेय. सगळे 'प्राध्यापक' म्हणताय. मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या मानधनावर, वनस्पतिशास्त्र शिकवते. नेट, पीएचडी दोन्ही. आमच्या परिपत्रकात पहिलीच ओळ आहे: 'मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षकांनीच अर्ज करावा.' म्हणजे तुम्ही ज्या ताटावर भांडताय त्याच्या पंगतीत आम्ही नाहीच.

पण काम आमचंच असतं. एका सरांचा लघुप्रकल्प होता, सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) गवतांचा. नाव सांगत नाही. पावसाळ्यात चार महिने मी सड्यावर गेले. आणलेलं गवत जुन्या वर्तमानपत्रांत दाबायचं आणि रोज कागद बदलायचा, नाही बदलला तर बुरशी चढते. घरात पलंगाखाली, कपाटावर, सासूबाईंच्या शिवणयंत्रावर, सगळीकडे दाबलेलं गवत. १८० हर्बेरियम शीट्स केल्या, म्हणजे वाळवलेलं गवत चिकटवलेले नोंदीचे कागद. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात खाली लेबल असतं, त्यात 'संग्राहक' अशी ओळ असते. १८० शीट्सवर संग्राहक म्हणून सरांचं नाव. सर सड्यावर एकदा आले होते, फोटोच्या दिवशी. 'क्षेत्र सहायक' म्हणून ६,००० च्या पावतीवर माझी सही आहे, हातात ३,५०० आले.

@माणदेशी सर, राग मानू नका, पण विचारते. २२ विहिरी, दर पंधरा दिवसांनी, दोन वर्षं. १६ तास शिकवून. सगळ्या तुम्ही एकट्याने मोजल्या?

आम्लराज

मॅडम, तुमच्यावर अन्याय झाला, पण धोरण एका गोष्टीवर ठरत नाही. तासिकेची नेमणूक सत्रापुरती असते. प्रकल्प दोन वर्षांचा. पुढच्या जूनला नेमणूक झाली नाही तर उरलेल्या पैशांचा हिशेब कोण देणार? यंत्र कुणाच्या ताब्यात राहणार? म्हणून ती अट आहे.

तासिकेवरची

नऊ वर्षं दर जूनला मी त्याच दारात उभी राहिले आहे. अस्थिर ठेवायचं तुम्ही, आणि अस्थिर आहात म्हणून पैसे नाहीत असं सांगायचंही तुम्हीच! पीएचडीच्या मुलांना नोकरी नसताना पाच वर्षं फेलोशिप देता ना? त्यांचा हिशेब लागतो, आमचाच लागत नाही? तुमच्या विभागात किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या कोण सांभाळतंय, तेही लिहा एकदा.

आम्लराज

सात रिकाम्या आहेत. चार जण तासिकेवर आहेत. त्या मी रिकाम्या ठेवलेल्या नाहीत. दर वर्षी पत्र पाठवतो, पोच माझ्याकडे आहे. माझ्यावर कशाला ओरडताय?

ओवीकार

कारण छाननी समितीवर तुम्ही बसता, त्या बसत नाहीत! पत्राची पोच दाखवून कुणाचं पोट भरतं? गेल्या वर्षी आमच्या तासिकेवरच्या सहकाऱ्याने परवडत नाही म्हणून वर्षाच्या मध्येच शिकवणं सोडलं आणि गावी दूध डेअरी टाकली. लोकसाहित्यावर पीएचडी आहे त्याची. तुमच्या यंत्रावर कव्हर तरी आहे.

आम्लराज

हे फार झालं. यंत्राचा आणि माणसाचा असा सौदा मी केलेला नाही. माझा भाऊ बारा वर्षं तासिकेवर होता, मला शिकवू नका.

खतावणी

आवाज खाली आणा, दोघंही. हिशेबाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, तेवढं सांगतो. तासिकेवरच्या शिक्षकाला मुख्य संशोधक करायचं, प्राचार्यांची सहसही घ्यायची, वस्तू महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत चढवायची. माणूस गेला तरी वस्तू जागेवर राहते आणि शिल्लक रक्कम प्राचार्य परत करतात. पूर्णवेळ शिक्षक निवृत्त झाले, सोडून गेले, वारले, तेव्हा आम्ही हेच करत आलो. त्यामुळे हिशेबासाठी ती अट लागते हे कारण टिकत नाही. नोकरीत असताना ही टिपणी मी लिहायला हवी होती. लिहिली नाही.

माणदेशी

@तासिकेवरची, मॅडम, तुमचा प्रश्न सकाळी वाचला. उत्तर द्यायला संध्याकाळ झाली.

नाही. एकट्याने नाही मोजल्या. माझ्या हातच्या नऊ विहिरी, रस्त्याकडेच्या. लांबच्या तेरा आमच्याकडे तासिकेवर असलेला एक सहकारी आणि एम.ए.ची दोन मुलं मोजायची, मोटारसायकलवर. टेपला खाली लोखंडी नट बांधून सोडायचा, पाण्याला लागल्याचा आवाज ऐकायचा आणि ओला भाग वजा करायचा, ही युक्ती त्याचीच. अहवालात त्याचं नाव ऋणनिर्देशात आहे, चौथ्या ओळीत. वर मी 'मी मोजली' असं लिहिलं. दहा वर्षं असंच बोलत आलो, त्यामुळे लिहिताना खटकलंसुद्धा नाही. ते चुकलं. त्या नोंदींवरचा लेख अजून छपाईला गेलेला नाही, त्यावर त्याचं नाव माझ्या बरोबरीने जाईल. त्याला फोन केला आहे.

पन्नास हजार बंद करू नयेत, हे माझं म्हणणं कायम आहे. त्यात एवढी भर घाला की परिपत्रकातली ती पहिली ओळ काढावी.

आम्लराज

पहिली ओळ काढायला माझा विरोध नाही. खतावणींनी सांगितलेली पद्धत लेखी द्यावी, पुढच्या बैठकीत मी मांडतो. पण गुणांसाठी येणारे अर्ज रोखल्याशिवाय मी पन्नास हजारांच्या बाजूने हात वर करणार नाही. अहवालासोबत मूळ नोंदवही जोडायची अट घाला, मग पाहू. माणदेशींची वही मला पाहायला आवडेल, हेही सांगतो.

ओवीकार

नोंदवहीची अट मला चालेल. आणि 'उपकरणे' रकाना ऐच्छिक करा, हेही मांडा. विसरू नका.

तासिकेवरची

@माणदेशी, फोन केलात, बरं केलंत. माझ्या सरांनी अजून केलेला नाही. त्या १८० शीट्स महाविद्यालयाच्या हर्बेरियमच्या तिसऱ्या कपाटात आहेत. संग्राहकाची ओळ बदलता येते, जुनं लेबल तसंच ठेवून शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावतात. चिठ्ठ्या मी लिहून ठेवल्या आहेत. सही त्यांची लागते.