अनुभव धागा: कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल

नमस्कार मंडळी. पाच ते आठ किलोचं, लांब कानांचं हे कुत्रं फ्लॅटमध्ये सहज मावतं, म्हणून हल्ली बरेच जण चौकशी करतात. ज्यांच्या घरी आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा, दुखण्यांसकट.

रेडिंग, इंग्लंड
आमची 'ब्लेनहाइम' रंगाची, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. इंग्लंडच्या राजा दुसऱ्या चार्ल्सचं नाव असलं तरी जात म्हणून कॅव्हेलियर अलीकडचा. जुन्या चित्रांतले लांब नाकाचे स्पॅनियल मागे पडले होते. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थांनी क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात तशा कुत्र्यांसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. १९४५ मध्ये वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली.

हिला एकटं राहणं जमतच नाही, आठ तास घर बंद असेल तर कृपया घेऊ नका. मुलुंडहून आलेल्या सासूबाई आधी तिला शिवतही नव्हत्या. आता व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "बाळ जेवलं का?"

जड गोष्ट हृदयाची. या जातीत मायट्रल झडप लवकर झिजते, दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांना मर्मर (हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाज) असतेच. आमच्या डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय मोठं झाल्याचं दिसल्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केलं, त्याने हार्ट फेल्युअर लांबणीवर पडतं. गाढ झोपेत असताना मी तिचे मिनिटाचे श्वास मोजते. सतत तीसच्या वर जाऊ लागले की डॉक्टरांना फोन करायचा, असं त्यांनी बजावलंय.

पुणे
पावसाळ्यात कान! फिरून आलो की आतून कोरडे करायचे, नाहीतर वास आणि खाज. उन्हाळ्यात फिरणं पहाटेच. आणि हवेतच मान खाजवल्यासारखं करत असेल तर नुसती पिसवांची पावडर लावून थांबू नका. कवटी लहान पडल्याने मणक्यात पाणी साठण्याचा आजारही या जातीत आहे, तो एमआरआयवरच नीट कळतो.

ऑस्लो
इथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये याच आजारांमुळे कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. पाळायला बंदी नाही. आमच्या मांडीवर एक असूनही मला तो निर्णय योग्य वाटतो.

पुणे (पुन्हा)
ऑस्लोकरांशी सहमत. पिल्लू घेताना आईबापांचे इको रिपोर्ट मागा. "काही प्रॉब्लेम नाही हो" एवढंच उत्तर मिळालं तर ॲडव्हान्स देऊ नका.