तैलरंगातलं पोर्ट्रेट शिकताना मास्टर कॉपी करावी का?

रंगपेटी:
हल्ली शिकणाऱ्या मुलांना सगळीकडे ऐकवतात की मास्टर कॉपी, म्हणजे जुन्या मोठ्या चित्रकाराच्या चित्राची नक्कल, करू नका, हात बिघडतो, स्वतःची स्टाइल येत नाही. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकन पोर्ट्रेट चित्रकार जॉन सिंगर सार्जंट १८७९ ला माद्रिदला प्राडो संग्रहालयात सतराव्या शतकातल्या स्पॅनिश वेलास्केझच्या कॉप्या करत बसला होता, पुढच्या वर्षी हॉलंडात हार्लेमला जाऊन त्याच काळातल्या डच फ्रान्स हाल्सच्या, आणि तेव्हा पॅरिसच्या सलों या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागायला लागली होती. त्याची स्टाइल बिघडली का?
गाल आणि जबडा यांच्या मधला हाफटोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्यामधली छटा, घ्या. नुसतं बघताना गुलाबीच वाटतो, पॅलेटवर मिक्स करायला बसलं की कळतं त्यात किती हिरवट राखाडी आहे ते. सावली पातळ, उजेडात रंग जाड, हे पुस्तकात सगळे वाचतात पण किती पातळ ते कॉपी केल्याशिवाय हातात येत नाही.

कृष्णाकाठ:
असहमत. कॉपीत उत्तर आधीच समोर असतं हो. जिवंत माणसातलं काय ठेवायचं, काय सोडायचं, कुठली एज, म्हणजे आकाराची कड, पुसट होऊ द्यायची हे मास्टरने ठरवून टाकलेलं असतं आणि खरं शिक्षण तेच. मॉडेलची मान वीस मिनिटांनी झुकते, खिडकीतला उजेड सरकतो, तेव्हा कॉपीवाला अडकतो. रविवर्मांना युरोपियन चित्रकार थिओडोर जेन्सनने शिकवलं नाही, काम करताना फक्त बघू दिलं, ते बघणंच त्यांना पुरलं.

रंगपेटी:
पण बघितलेलं घरी जाऊन रंगात करून बघावंच लागतं ना, ती कॉपीच झाली की.

जर्सीकर:
तुम्ही दोघं एक गोष्ट सोडताय, कॉपी कशावरून करायची? न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये वेलास्केझने काढलेलं हुआन दे पारेहाचं पोर्ट्रेट आहे, १६५० चं. लांबून पांढऱ्या कॉलरची लेस अगदी नाजूक दिसते, जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे. मोबाइलवरून कॉपी करणारी मुलं ती लेस धागा धागा काढत बसतात. शिवाय त्या काळी शिशाचा पांढरा असायचा, आपण टिटॅनियम व्हाइट वापरतो, तो थंड आणि फार झाकणारा, त्यामुळे स्किनटोन खडूसारखा होतो आणि पोरं स्वतःच्या नजरेला दोष देतात.

कृष्णाकाठ:
हे एकदम बरोबर. आपल्याकडे मूळ चित्रं बघायची तर पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार त्रिंदाद यांची चित्रं आहेत, औंध आणि बडोद्याला रविवर्मा. तिथे जाऊन उभं राहा, स्केचबुकात व्हॅल्यूच्या, म्हणजे कुठे किती उजळ किती गडद याच्या, नोंदी घ्या आणि घरी येऊन आईला समोर बसवून रंगवा. कॉपीची गरजच नाही.

रंगपेटी:
जर्सीकर, पटलं, छापील प्रिंटवरून रंग शिकता येत नाही, त्यावरून फक्त ड्रॉइंग आणि व्हॅल्यू घ्यावं. पण कृष्णाकाठ, नवशिक्याला आईसमोर एकदम बसवलं तर ड्रॉइंग, रंग, थर, बदलता उजेड सगळं एकाच वेळी अंगावर येतं आणि तो दोन तासांत सगळा चेहरा मळवून ठेवतो. समोरचं चित्र हलत नाही, खालचा थर वाळेपर्यंत दोन आठवडे थांबलं तरी ते तसंच असतं. म्हणून आधी नुसत्या डोक्याची एक कॉपी, मूळ मापाची, आणि ती वाळत असतानाच आईला बसवा की.

कृष्णाकाठ:
एकच म्हणालात ना? मग चालेल. मला भेटणारे बहुतेक जण तिसऱ्या चौथ्या कॉपीवर असतात आणि अजून कुणाला समोर बसवलेलं नसतं.