पुलंनंतरच्या सुनीताबाई: वारसा जपला की कुंपण घातलं?

तिसरी घंटा:
पु.ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचं लग्न १२ जून १९४६ चं, आणि पु.ल. गेले तेही १२ जूनलाच, २००० साली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २००९ पर्यंत सुनीताबाई एकट्या होत्या. परवानगी आणि मानधनाच्या बाबतीत त्या किती कडक होत्या, हे नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको. माझं म्हणणं, पु.ल. जगले ते लोकांच्या तोंडी. गणपतीच्या मांडवात चार पोरं पुलंच्या ‘वाऱ्यावरची वरात’मधला एखादा प्रवेश करणार, तर त्याला कसली आलीय परवानगी? इतकी राखण करून पु.ल. नव्या पिढीपासून लांबच गेले.

खारीक:
लांब गेले? अहो, बोलताना दर तिसरा माणूस पुलंचं वाक्य फेकतो, तेही बहुतेक वेळा चुकीचं! आणि कायदा सुनीताबाईंनी केलेला नाही. लेखकामागे ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे पुलंच्या बाबतीत २०६० संपेपर्यंत. शिवाय हा कडकपणा २००० नंतर उगवला नाही. व्यवहाराची बाजू त्या आधीपासूनच बघत होत्या. पु.ल. ‘हो’ म्हणून मोकळे होणार आणि ‘नाही’ म्हणायचा वाईटपणा बाईंनी घ्यायचा, अशी ती वाटणी.

तिसरी घंटा:
कायदा मान्य. पण कायद्याने मिळालेला प्रत्येक हक्क वापरायलाच हवा का?

ओसरी:
वापरून आलेल्या पैशाचं काय केलं तेही बघा की. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिची ‘पुलस्त्य’ ही इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. नावातला ‘पुल’ दिसला ना? शाळेतली पोरं तिथे हाताने प्रयोग करतात. मांडवातल्या फुकट प्रवेशापेक्षा मला हे स्मारक जास्त आवडतं. (माझा लेक तिथून घरी यायला तयार नव्हता, तेव्हा मी पक्षपाती आहे.)

तिसरी घंटा:
देणगीबद्दल नमस्कारच. पण दानशूर असणं आणि हक्कांबाबत ताठर असणं, दोन्ही एका माणसात असू शकतं.

निवांत:
तुम्ही तिघेही बाईंना पुलंच्या तिजोरीपाशीच उभं करताय. ‘आहे मनोहर तरी’ हे त्यांचं आत्मकथन १९९० चं, पु.ल. हयात असतानाचं. तेव्हा लोकांचा राग कशाचा होता? लाडक्या भाईंना घरातल्या उजेडात दाखवलं याचा. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली ही मुलगी, ‘वरात’मध्ये स्वतः रंगमंचावर उभी राहिलेली. म्हणजे ज्या प्रयोगाची परवानगी आपण फुकट मागतोय, तो उभारण्यात तिचेही हात होते. आणि कथाकार जी. ए. कुलकर्णींना लिहिलेल्या पत्रांचं ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक पु.ल. गेल्यानंतरचं. त्या पत्रांत पु.ल. येतात ते घरातलं माणूस म्हणून. बोलणं चाललंय ते सुनीताबाई आणि जी.एं.चं. मी ते पुस्तक दोनदा वाचलं, त्यात राखणदार काही भेटला नाही.

तिसरी घंटा:
‘प्रिय जी. ए.’ वाचलेलं नाही, कबूल. परवानगीबद्दलचं मत मात्र सोडत नाही.

खारीक:
नका सोडू. मांडवातला प्रवेश कधी आहे ते कळवा, पत्र लिहायला मी मदत करते.