टँकमधला मोठा सकर मासा ठाण्याच्या उपवन तलावात सोडला तर चालेल का?

मानपाडाकर: आम्ही पुढच्या महिन्यात घर बदलतोय, नवीन घरी एवढा मोठा टँक ठेवायला जागाच नाहीये. एक सकर आहे, आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता चांगला फूटभर झालाय, आणि थोडे गप्पी आहेत. सासूबाई म्हणतात तलावात सोड, जीव वाचेल, पुण्य लागेल. मुलगाही मागे लागलाय. उपवनला सोडलं तर काही प्रॉब्लेम?

गळवाला_कळवा: ताई कृपा करून सोडू नका. आमच्याकडच्या तळ्यात हल्ली गळाला काय लागतं तर चिलापी (तिलापिया मासा), नाहीतर हा सकर. जाळ्यात आला की अंगावरचे हाडासारखे कडक खवले आणि पंखांचे काटे असे अडकतात की जाळं कापूनच काढावा लागतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पाण्याबाहेर टाकला तरी कितीतरी तास जिवंत राहतो. पूर्वी पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर पुंजका वर यायचा, खाली आईबाप राखण करत फिरायचे, आता ते बघायला डोळे तरसतात. सगळा दोष सकरचा नाही, घाण पाणी आणि काँक्रीटचे काठ पण आहेतच, पण आधीच हाल असलेल्या तळ्यात अजून एक खाणारं तोंड कशाला?

रोहन_ऐरोली: पण एका माशाने काय होणार? तलाव आधीच चिलापीने भरलेत, आणि डासांसाठी गप्पी तर सरकारी माणसंच सोडतात की.

शेवाळ: @रोहन_ऐरोली एका सकरने प्रजा वाढत नाही हे खरं, पण प्रत्येक जण एकेकच सोडतो, आणि तळ्यात आधी कोणीतरी सोडलेला असतोच. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घाण पाण्यात ऑक्सिजन संपला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो, म्हणून जिथे आपले मासे मरतात तिथे हा मजेत असतो. नर अंड्यांसाठी काठाच्या मातीत लांब बिळं करतो, मातीचे काठ त्याने ढासळतात. गप्पीचं तर त्याहून वाईट, एकच मादी पुरे, नराचं बीज ती अंगात महिनोन् महिने साठवून ठेवते आणि परत परत पिल्लं देत राहते. डासांच्या अळ्या खाते हे खरं, पण दुसऱ्या माशांची पिल्लंही सोडत नाही. डास खायला आपला इथला पिकू मासा आहे की, डोक्यावर चकाकता पांढरा ठिपका असतो तो, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो.

चिलापी 1952 मध्ये माणसांनीच भारतात आणला, खायला स्वस्त मासा म्हणून. मादी अंडी तोंडात सांभाळते त्यामुळे पिल्लं भराभर जगतात, आणि खाडीचं खारं पाणीही त्याला चालतं. एकदा पसरला की काढता येत नाही, नंतर कितीही पैसे ओता. आणि आपले तलाव पावसात भरून वाहतात, ते पाणी नाल्यातून खाडीकडेच जातं, म्हणजे सोडलेला मासा तलावातच राहील असं धरून चालू नका.

मानपाडाकर: बापरे, गप्पीचं हे माहीतच नव्हतं. मग करू काय, मारून टाकायला जीव होत नाही.

शेवाळ: मारायची गरज बहुतेक पडणारच नाही. आधी ज्या दुकानातून घेतला तिथे विचारा, बरेच दुकानदार मोठा सकर परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. नाहीतर मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका, ठाण्यात चार-पाच फुटी टँकवाले खूप आहेत. गप्पी तर कोणीही नेईल. सासूबाईंना सांगा की चांगल्या घरी दिला तर त्याचाही जीव वाचतो आणि तलावातल्यांचाही. टँकचं पाणी कुंड्यांना घाला. आणि आत तरंगणारी झाडं असतील तर तीही तलावात टाकू नका, गच्चीत कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कचऱ्यात द्या.